शोकातला क्रोध कोणापुढे ठेवावा?

काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर हे जीवाला जडलेले विकार असून साधकाने ते जिंकले पाहिजेत, हा उपदेश प्रत्येक वासनिकाच्या कानावर लहानपणापासून पडलेला असतो. उपदेश यथार्थ आहे. परंतु विकार जिंकणे आणि विकार झाकणे या दोन क्रिया एक नव्हेत, हा विवेक त्या उपदेशाबरोबर पोहोचतोच असे नाही. जो विकार बाहेर दिसत नाही तो आत उरलेला नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. घरातले माणूस गेल्यानंतर मनात जो क्रोध उसळतो त्याच्या बाबतीत ही समजूत मोठा घात करते. शोक करण्यास लोक मुभा देतात; रडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवतात. त्याच शोकाच्या पोटी जन्मलेला क्रोध दिसला, की तेच लोक संकोचतात, विषय बदलतात, किंवा ‘असे बोलू नये’ म्हणून थांबवितात. शोकग्रस्त मनुष्य मग तो क्रोध गिळून टाकतो. हा गिळलेला क्रोध कोठे जातो, कोणावर पडतो, आणि शास्त्राने त्यास कोणती वाट दाखविली आहे, हा प्रस्तुत निरूपणाचा विषय होय.

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, ६२ व ६३ या दोन श्लोकांत, श्रीकृष्ण भगवंतांनी पतनाची साखळी उलगडून दाखविली आहे. विषयाच्या चिंतनाने संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश आणि अखेर सर्वनाश. या क्रमात दोन गोष्टी विशेष मननीय आहेत. पहिली अशी, की क्रोध हा स्वयंभू नाही. ज्याच्या ठिकाणी मन गुंतले ते मिळण्यात किंवा टिकण्यात आडकाठी आली म्हणजे क्रोध उत्पन्न होतो. बापाचे मन मुलात गुंतलेले असते, आणि मृत्यूइतकी न हलणारी आडकाठी दुसरी नाही. म्हणून शोकात क्रोध येणे हे दुष्टपणाचे लक्षण नसून गुंतलेपणाचे लक्षण आहे. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. क्रोधानंतर भगवंतांनी संमोह सांगितला आणि त्याच्या पाठोपाठ स्मृतीचा भ्रंश. म्हणजे क्रोधाचा पहिला मोठा आघात होतो तो स्मृतीवर. असन्निधानात ज्याचे सर्व साधन स्मरणावर उभे आहे, त्याने तर हा इशारा नीट ऐकला पाहिजे.

माधवनगर हे सांगलीलगतचे, बुधगावच्या शेजारचे गाव. पुण्याहून मिरजेस जाणारी रेल्वे त्याच्या अंगावरून जाते आणि यंत्रमागांचा खडखडाट तेथील कानांना सवयीचा आहे. अशा गावातील एक वासनिक गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. हा गृहस्थ कोणी एक नव्हे. दृष्टान्तासाठी योजलेला आहे. परंतु त्याच्यासारखी घरे कृष्णाकाठी आणि महाराष्ट्रभर पुष्कळ आहेत. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याचा तरुण मुलगा तापाने आजारी पडला, रुग्णालयात गेला, आणि परत आला नाही. त्या दिवसांत कितीतरी कुटुंबांना आपल्या माणसाचे अखेरचे मुखदर्शनही घडले नाही. या बापालाही घडले नाही. त्याने डोळ्यांतून पाणी काढले नाही. पंधरवडा उलटला तसा माग सुरू केला. लोक म्हणाले, ‘माणूस खंबीर आहे. ज्ञान पचलेले आहे.’

पुढे काय झाले ते लोकांना दिसले नाही, घराला दिसले. धोटा अडकला, की त्याच्या तोंडून कधी न येणारे शब्द येऊ लागले. कांडी बदलण्यास कारागिराला क्षणभर उशीर झाला म्हणून त्याने त्याच्या अंगावर हात टाकला. धाकट्या मुलीने भावाची तसबीर भिंतीवर लावली. ती त्याने रात्री उतरवून कपाटात कपड्यांच्या खाली ठेवली. ‘अहो, त्याचं नाव तरी घ्या एकदा,’ असे पत्नी म्हणाली, तेव्हा तो भरल्या ताटावरून उठून गेला. पहाटेचे नामस्मरण चालू होते. जीभ हलत होती आणि मन दगडासारखे बसून होते. ज्याला लोक ज्ञान म्हणत होते ती खरोखर एक बंद कोठडी होती. क्रोधाला आत कोंडताना त्याच कोठडीत मुलाच्या आठवणीही कोंडल्या गेल्या. गीतेतील स्मृतिभ्रंश तो हाच.

त्याचा क्रोध नेमका कोणावर होता? काही वैद्यांवर, काही व्यवस्थेवर, हे तो कदाचित बोलूनही दाखवील. परंतु त्याच्या तळाशी तीन नावे होती आणि ती त्याला उच्चारता येत नव्हती. पहिले नाव त्याचे स्वतःचे. कारण ‘साधा ताप आहे, दोन दिवस थांबू’ असे त्यानेच म्हटले होते. दुसरे नाव मुलाचे. सांगूनही काळजी घेतली नाही आणि आम्हाला टाकून गेला, असा मेलेल्यावरचा क्रोध. तिसरे नाव परमेश्वराचे. मेलेल्यावर रागावणे लोकाला पटत नाही आणि परमेश्वरावर रागावणे धर्माला पटत नाही, असे वाटून मनुष्य या दोन ठिकाणी सर्वांत अधिक मुका होतो. आणि ज्या ठिकाणी तो मुका होतो तेथील क्रोध बायको, मुलगी आणि कारागीर यांच्या वाट्याला येतो.

येथे कोणी शंका घेईल, की क्रोध धारण करावा असेच शास्त्र सांगते. मग तो बाहेर काढण्याचा उपदेश कसा? शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर चरकसंहितेत फार नेमके सापडते. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात चरकाचार्यांनी वेगांचे दोन वर्ग केले. लोभ, शोक, भय, क्रोध इत्यादी मनाचे वेग आवरावेत, असे ते सांगतात. परंतु शरीराचे जे तेरा वेग कधीही अडवू नयेत, त्यांत त्यांनी भूक, तहान, निद्रा यांच्याबरोबर अश्रूही घातले आहेत. शोक आवरावा आणि अश्रू मात्र अडवू नयेत, हे वरवर विसंगत दिसते. विचार केल्यास असे ध्यानात येते, की आवरावयाचा तो विकाराचा वेग, ज्याच्या भरात हात उठतो आणि जीभ सुटते. त्या विकाराने पिळवटलेल्या जीवाला जे वाहून टाकावयाचे असते, ते अडवावयाचे नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायातही काम-क्रोधांतून उठणारा वेग जो सोसू शकतो त्यास भगवंतांनी सुखी म्हटले आहे. ‘सोसणे’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. जे सोसावयाचे त्याच्यासमोर उभे राहावे लागते, त्याला ओळखावे लागते, त्याचे नाव घ्यावे लागते. पाठ फिरवून दार लावून घेणे याला सोसणे म्हणत नाहीत.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. वरती तोंड लहान, आत पोट मोठे, अशा त्या जमिनीतील कोठारांत हळद वर्षानुवर्षे राहते. परंतु ज्याला पेवाची माहिती आहे तो माणूस ते उघडल्याबरोबर आत उतरत नाही. तोंड मोकळे करून आतली कोंदट हवा तो आधी जाऊ देतो. दिवा सोडून पाहतो. ज्योत टिकली तरच माणूस आत उतरतो. घाईने उतरणाऱ्याचा जीव त्या हवेने जाऊ शकतो. आणि पेव कायमचे बंद ठेवणारालाही सुरक्षितता नसते. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्या पेवांत शिरले आणि साठविलेल्या हळदीची नासाडी झाली. मनाच्या पेवाचेही तसेच आहे. ते एकाएकी फोडले तर उघडणारा गुदमरतो; कधीच उघडले नाही तर एखाद्या पुराच्या दिवशी आतले सर्व सडते. ते उघडण्याची रीत असते, आणि ती रीत शिकावी लागते.

ती रीत महाभारताच्या अकराव्या, म्हणजे स्त्रीपर्वात, प्रत्यक्ष श्रीकृष्ण भगवंतांच्या सान्निध्यात घडलेली दिसते. अठरा दिवसांचे युद्ध संपले आहे. शंभर पुत्र गमावलेले आई-बाप आणि त्या पुत्रांना मारणारे पांडव समोरासमोर येत आहेत. धृतराष्ट्राने युधिष्ठिराला आलिंगन दिले आणि मग भीमाला जवळ बोलाविले. त्याच्या पोटात काय आहे हे भगवंतांनी ओळखले. त्यांनी भीमाला बाजूस सारून त्याच्या जागी भीमाची लोखंडी प्रतिमा पुढे केली. आंधळ्या राजाने ती मिठीत घेऊन चुरून टाकली. त्याची स्वतःची छाती फुटली, तोंडातून रक्त आले आणि तो खाली कोसळला. क्रोध ओसरताच तोच राजा भीमासाठी हाय हाय करून रडू लागला. भीम जिवंत आहे असे सांगितल्यानंतरच त्याला धीर आला.

या प्रसंगाचा अर्थ करताना भीम वाचला एवढ्यावर थांबू नये. धृतराष्ट्राने आपल्या क्रोधाविषयी तोंडाने एक अक्षर काढले नव्हते. तो प्रेमाने मिठी मारावयास निघाला होता, निदान बाहेरून तसेच दिसत होते. न बोललेला क्रोध असा प्रेमाचे रूप घेऊन येतो आणि जवळ येणाऱ्यालाच चिरडतो. माधवनगरच्या त्या गृहस्थाने मुलीने लावलेली तसबीर उतरविली, तेव्हा तिच्याच दुःखासाठी आपण हे करीत आहोत असे त्यालाही वाटत असेल. दुसरे असे, की लोखंडी भीम पुढे करणारा श्रीकृष्ण प्रत्येक घरात उभा नसतो. तेथे कोवळी मुलगी असते आणि ती लोखंडाची नसते. तिसरे असे, की प्रतिमा चुरून धृतराष्ट्राचा वेग गेला, परंतु रक्त त्याचेच सांडले. बलाने काढलेला क्रोध काढणाऱ्यालाही जखमी करतो. म्हणून हा प्रसंग अनुकरणासाठी सांगितलेला नसून सावध करण्यासाठी सांगितलेला आहे.

गांधारीचा प्रकार याहून वेगळा आहे आणि शिकण्याजोगे आहे ते तिच्याजवळ. ती पांडवांना शाप देण्याच्या विचारात होती. व्यासांनी येऊन तिला आवरले. तिने उत्तर दिले त्याचा आशय असा, की पांडवांचा नाश व्हावा अशी इच्छा नाही, परंतु पुत्रशोकाने मन बळेच विव्हळ होते. म्हणजे तिने क्रोध नाकारला नाही. त्याला शोकाचे नाव देऊन समोर ठेवला. मग तिने त्याचे भाग केले. पुत्र युद्धात मारले गेले याविषयी तिची तक्रार नव्हती. गदायुद्धात भीमाने नाभीच्या खाली प्रहार केला, ही तक्रार होती. दुःशासनाच्या रक्ताविषयी होती. तिने भीमाला तोंडावर विचारले आणि त्याचे उत्तर ऐकून घेतले. ‘सर्व जग दुष्ट आहे’ असे म्हणणारा क्रोध कधीच शमत नाही. ‘अमुक वेळी अमुक कृत्याने मला घाव बसला’ असे म्हणणारा क्रोध बोलता येतो, आणि बोलता येतो म्हणून शमूही शकतो. तरीदेखील शेष उरलेच. युधिष्ठिर थरथरत पुढे आला, अपराध कबूल करून पाया पडू लागला, तेव्हा डोळ्यांवरील पट्टीच्या कडेतून तिची दृष्टी त्याच्या पायांच्या बोटांवर पडली आणि त्याची सुंदर नखे विद्रूप झाली. एवढ्या थोर स्त्रीनेही जे बोलावयाचे ठेवले होते ते पट्टीखालून निसटलेच. परंतु तेवढ्यावर तिचा वेग सरला, आणि महाभारत सांगते, की त्यानंतर तिने पांडवांचे आईप्रमाणे सांत्वन केले.

अखेर रणांगणावर गेल्यावर तिने आपला सर्वांत खोल क्रोध जेथे ठेवावयाचा तेथे ठेवला. एकेका प्रेताजवळ उभी राहून, एकेकाचे नाव घेऊन तिने विलाप केला आणि मग थेट भगवंतांना विचारले, की तू समर्थ असताना हा संहार का होऊ दिलास. तिने शापही दिला. परमेश्वराला कोणाचा शाप बाधत नाही, हा सिद्धान्त अबाधित आहे. तो स्वीकारला ही त्याची प्रवृत्ती. परंतु साधकाने हे पाहावे, की भगवंत तिच्यावर रुष्ट झाले नाहीत, तेथून निघून गेले नाहीत, बोलणे मध्येच तोडले नाही. स्मित करून सर्व ऐकले, आणि त्यानंतरच कुरुकुळाच्या नाशात तिचाही दोष कसा होता हे स्पष्ट सांगितले. ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे. ऐकणाऱ्याने खोटे सांत्वनही करू नये आणि खरे सांगण्याची घाईही करू नये, हा दोन्ही अंगांचा आदर्श येथे आहे. गीतेच्या प्रारंभीही हेच घडले. संपूर्ण पहिल्या अध्यायात अर्जुनाचा विषाद चालू असताना भगवंत जवळजवळ मौन आहेत. उपदेश दुसऱ्या अध्यायात येतो. त्या अध्यायाला विषादाचाच योग म्हटले गेले, यात ऐकून घेतलेल्या दुःखाचा केवढा मान आहे!

हा झाला पुराणकाळचा दाखला. महाराष्ट्रातील, आणि या पंथाच्या स्वतःच्या घरातील, दाखला रिद्धपूरचा आहे. इ. स. १२७४ च्या सुमारास सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे उत्तरापंथे गमन झाले. सान्निध्याचे सुख अनुभवलेल्या भक्तजनांवर विरहाचा पर्वत कोसळला. नागदेवाचार्य आणि इतर मंडळी रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. तेथे भटोबास सदैव आपल्याच ठायी मग्न असत. म्हाइंभटांनी त्यांना विचारले, की आपण सतत कसले मनन करता? स्वामींच्या लीळांचे स्मरण करतो, असे उत्तर मिळाले. त्या एका प्रश्नातून लीळाचरित्र निर्माण झाले. आज अमरावती जिल्ह्यात असलेल्या रिद्धपुरी वाजेश्वरीच्या स्थानी हे कार्य झाल्याचे परंपरा सांगते, आणि ग्रंथाचा काळ शके १२०० च्या आसपास, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास मानला जातो.

भटोबासांच्या विरहात क्रोध होता, असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे म्हणावयाचेही नाही. घेण्याजोगी आहे ती रीत. एकाच्या अंतरात कोंडलेले दुसऱ्याने येऊन विचारले. विचारणाऱ्याने उपदेश केला नाही, धीर धरा असे म्हटले नाही; काय आठवते ते सांगा, मी लिहून घेतो, असे म्हटले. नंतर ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी एकेक आठवण मिळविली. जी आठवण मिळाली ती घासूनपुसून गोड केली नाही. भक्तजनांची भांडणे, रुसवे, बाइसांचा तापट बोल, हे सारे लीळाचरित्रात आहे. पुढील काळात पाठ जुळविताना एका लीळेविषयी भिन्न आठवणी आढळल्या, तर त्याही नोंदवून ठेवण्यात आल्या. ज्या पंथाचा आद्य गद्यग्रंथ आपल्या माणसांचा राग-रुसवा लपवीत नाही, त्या पंथाच्या अनुयायाला आपल्या घरातील शोकाचा क्रोध लपविण्याचे प्रयोजन उरत नाही.

आधुनिक मानसशास्त्रही या दोन रीतींतला भेद प्रयोगाने दाखविते. अमेरिकेत २००२ मध्ये ब्रॅड बुशमन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्याने राग आणला त्याचे चिंतन करीत पोत्यावर ठोसे मारणाऱ्यांचा राग कमी झाला नाही. स्वस्थ बसलेल्यांपेक्षा तो अधिकच राहिला. उलट १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, दररोज पंधरा मिनिटे, आपल्या आयुष्यातील आघाताविषयी लिहावयास सांगितले. घटना आणि तिच्याविषयीच्या भावना या दोन्ही ज्यांनी लिहिल्या त्यांना लिहिताना त्रास झाला, परंतु पुढील महिन्यांत आरोग्यकेंद्राकडे जाण्याची पाळी त्यांच्यावर कमी आली. ठोसा म्हणजे धृतराष्ट्राची मिठी; लेखन म्हणजे म्हाइंभटांची वाट. क्रोध कृतीत उतरविला तर वाढतो, आणि शब्दांत, तेही खऱ्या व नेमक्या शब्दांत, मांडला तर त्याची धग ओसरू लागते.

आता पुन्हा माधवनगरच्या त्या घरी यावे. असे कल्पावे, की तेथे एक वृद्ध संन्यासी आले. जीव आपल्या कर्माचे फळ भोगतो, ते फळ देवतांच्या द्वारे येते, परमेश्वर केवळ कृपाळू आहे, हा सिद्धान्त त्यांना मुखोद्गत होता. त्यांनी तो सांगितला नाही. त्यांनी तसबीर कोठे आहे असे विचारले. मुलीने बापाकडे पाहिले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग बाबांनी विचारले, ‘त्याचं आणि तुमचं शेवटचं बोलणं काय झालं होतं?’

गृहस्थ म्हणाला, ‘बाबा, मीच म्हणालो होतो, साधा ताप आहे. दोन दिवस थांबू.’

बाबा काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने तो पुन्हा बोलू लागला, आणि या वेळी आवाज चढला. ‘किती वेळा सांगितलं होतं, गर्दीत जाऊ नकोस! ऐकलं नाही त्यानं. सगळं माझ्या गळ्यात टाकून गेला. आणि मी रोज पहाटे नाम घेतो ते कशाला? कोण ऐकतं?’ एवढे बोलून तो भयभीत झाला, कारण हे शब्द त्याने स्वतःच्या कानांनी प्रथमच ऐकले होते. पत्नी ‘अहो’ म्हणून त्याला थांबवू पाहत होती. बाबांनी हाताने तिला राहू द्या अशी खूण केली. ते म्हणाले, ‘ज्याच्यावर रागावता येतं, तो आपला असतो. परक्यापाशी कोण भांडतं? तुम्ही हे त्याच्यापुढंच बोललात, ते बरं केलंत. आता मुलाविषयी सांगा.’

मग त्याने सांगितले. मागावर सूत तुटले, की मुलगा ते एका हाताने पाहता पाहता सांधीत असे आणि गाठ कोठे पडली हे कापडावर शोधूनही सापडत नसे. हे सांगताना तो रडला. आठ महिन्यांनंतर तो प्रथमच रडत होता. त्या दिवशी दुःख संपले नाही. तसे ते संपतही नाही. परंतु दुसऱ्या दिवशी मागावर जाऊन त्याने ज्या कारागिरावर हात टाकला होता त्याची क्षमा मागितली, आणि तसबीर कपाटातून काढून मुलीच्या हाती दिली. मुलाचे नाव घरात पुन्हा ऐकू येऊ लागले, आणि पहाटेच्या नामात मनही पुन्हा बसू लागले. दोन्ही स्मृती एकाच दाराआड होत्या. दार उघडले तेव्हा दोन्ही बाहेर आल्या.

यातून काही आचार निष्पन्न होतो. क्रोध ज्याच्यापुढे मांडावयाचा तो ऐकून घेणारा, पोटात ठेवणारा आणि त्या क्रोधाने न मोडणारा असावा. गुरू, संन्यासी, वडील बहीण, जुना मित्र, यांपैकी कोणी चालेल. आपल्याहून दुर्बळ असेल त्याच्यावर तो कधीही टाकू नये. बोलताना ‘तू असा, ते तसे’ असे न म्हणता ‘मला या गोष्टीचा राग आला, मला येथे लागले’ असे म्हणावे. पहिल्यात वाग्हिंसा आहे, दुसऱ्यात केवळ सत्य आहे. बोलण्यास माणूस नसेल तर कागद आहे, आणि रात्रीच्या एकांतात परमेश्वर आहे. त्याच्यापुढे शब्द निवडण्याचे कारण नाही. बोलून झाल्यावर त्याच रागाची पुनःपुन्हा उजळणी करू नये. गेलेल्याच्या लहानसहान आठवणींकडे वळावे. मधल्या काळात ज्याला आपल्या क्रोधाचा चटका बसला असेल त्याची क्षमा मागावी, हाच अनुताप. आणि झोप उडाली, अन्न तुटले, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा घात करावासा वाटू लागला, तर वैद्याकडे जाण्यात कमीपणा मानू नये. ताप शरीराचा असो वा मनाचा, ‘दोन दिवस थांबू’ ही चूक दुसऱ्यांदा करू नये.

समाचाराला जाणाऱ्यांवरही तेवढीच जबाबदारी आहे. शोकाच्या घरात शिरताच सिद्धान्त सांगू नये. सिद्धान्त खरा असतो, वेळ चुकलेली असते. ‘खंबीर राहा’ या शब्दाने पुष्कळांची दारे बाहेरून लावली गेली आहेत. त्यापेक्षा गेलेल्याचे नाव घ्यावे, तो कसा होता ते विचारावे, आणि उत्तरात राग आला तर तो शोकाचाच भाग आहे असे समजून बसून राहावे. उपदेशाची वेळ आपोआप येते. अर्जुनाने धनुष्य टाकून ‘मी तुझा शिष्य आहे, मला सांग’ असे म्हटल्यानंतरच गीता सुरू झाली. तोवर श्रीकृष्णांनीही वाट पाहिली.